खणाखणाने उभे राहणारे घर

२० मे २०२५ रोजी मध्य प्रदेशच्या मंत्रिमंडळाची बैठक इंदूरच्या राजवाड्यात भरली. पुण्यश्लोक अहिल्याबाईंच्या त्रिशताब्दीचे निमित्त होते. आपल्या समाजाला त्याचा आनंद झाला आणि तो होणे स्वाभाविकही होते. राजवाड्याचा दर्शनी भाग सात मजली आहे. खालचे तीन मजले दगडाचे, वरचे चार लाकडाचे. होळकरशाहीचे वैभव म्हणून आपण ज्या लाकडी मजल्यांकडे मान वर करून पाहतो, त्याच लाकडात सामान्य माणसाचे दोन खोल्यांचे घर आज का बांधले जात नाही, हा प्रश्न मात्र कोणत्याही पक्षाच्या जाहीरनाम्यात दिसत नाही. तो या अंकातून विचारायचा आहे.

हा प्रश्न हौसेचा नाही. राजवाडा, रामबाग, जुनी इंदूर या भागांतले आपल्या समाजाचे जुने वाडे एकेक करून पडत आहेत. कुठे पाच-सहा वारसांचे एकमत होत नाही, कुठे १९६१ च्या स्थान नियंत्रण कायद्याखालचे जुने भाडेकरू आहेत, कुठे रस्तारुंदीकरणात दर्शनी भाग गेला आणि उरलेले घर ताडपत्रीखाली उभे आहे. वाडा पाडायचे ठरले की पहिला येतो तो जुने सामान घेणारा. सागवानी तुळया, खांब, हस्त घनफुटाच्या भावाने वखारीत जातात आणि तिथून कुणाच्या फार्महाऊसवर किंवा हॉटेलच्या दिवाणखान्यात. रिकाम्या जागेवर सिमेंटची इमारत येते. तिच्यातला फ्लॅट ना जुन्या भाडेकरूला परवडतो, ना मालकाच्याच धाकट्या भावाच्या मुलाला. दोघेही बायपासच्या पलीकडे जातात. शाळा, देऊळ, गणेशोत्सव, वाचनालय सारे इकडे राहते आणि माणसे तिकडे. लष्करातले ग्वाल्हेरकर, वडोदऱ्याचे आणि बेळगावचे आपले वाचक हे वाचताना आपलीच गल्ली आठवतील, अशी आमची खात्री आहे.

खण म्हणजे काय

आपल्या पणजोबांच्या पिढीला घर चौरस फुटांत मोजायची सवय नव्हती. घर 'तीन खणी' असे, 'पाच खणी' असे. दोन तुळयांमधली जागा म्हणजे एक खण. खाली दगडाचा तळखडा, त्यावर लाकडी खांब, खांबावर तुळई, तुळईवर कड्या, कड्यांवर फळ्या. लाकूड जितके लांब मिळेल त्यावर खणाचे माप ठरे आणि एकदा माप ठरले की सुताराला प्रत्येक खणासाठी तेच तेच भाग घडवायचे असत. खाचेत कुसू बसवून सांगाडा जोडला जाई. कुटुंब वाढले, हाती पैसा आला की शेजारी आणखी एक खण काढता येई. आजही वाड्याचे लाकूड उकलून विकता येते, ते या जोडकामामुळेच. सिमेंटची इमारत पाडली की उरतो मलबा. वाडा उतरवला की उरते सामान.

जगात आज ज्याला मॉड्युलर बांधकाम म्हणतात त्याचे मर्म हेच आहे. ठराविक मापाचे भाग कारखान्यात तयार करायचे, जागेवर आणून जोडायचे, गरजेनुसार वाढवायचे आणि वेळ पडल्यास उतरवायचे. आपल्याकडे या विचाराला शब्द आहे, माप आहे आणि उभे नमुनेही आहेत. वडोदऱ्यातला तांबेकर वाडा, पुण्यातला विश्रामबागवाडा ही त्यांतली नामांकित उदाहरणे.

मात्र एक गोष्ट स्वच्छ मनाने सांगितली पाहिजे. वाडा सगळ्यांचा नव्हता. सागवान सरदार, सावकार आणि दरबारी नोकरदार यांच्या वाट्याला आले. पागेतला मोतद्दार आणि रस्ता झाडणारी बाई मातीच्या भिंतींत आणि गळक्या छपराखाली राहिली. तेव्हा आम्ही जी मागणी करत आहोत ती जुने दिवस परत आणण्याची नाही. जी बांधकामाची रीत एकेकाळी मोजक्यांपुरती होती, ती आता हातावर पोट असलेल्या कुटुंबाला मिळावी, अशी ही नवी मागणी आहे.

जगात काय चालले आहे

१९९० च्या दशकात ऑस्ट्रिया आणि जर्मनीत एक नवे लाकूड तयार झाले. पातळ फळ्यांचा एक थर उभा, दुसरा आडवा असे थर सरसाने चिकटवून भिंतीएवढ्या जाड पाट्या बनवायच्या. त्याला क्रॉस लॅमिनेटेड टिंबर म्हणतात. यासाठी शंभर वर्षांचा वृक्ष लागत नाही. लागवडीतले, लवकर वाढणारे झाड चालते. २००९ मध्ये लंडनच्या हॅकनी भागात मरे ग्रोव्ह येथे अशा पाट्यांची नऊ मजली, २९ घरांची निवासी इमारत उभी राहिली. तळमजला काँक्रीटचा आणि वरचे आठ मजले लाकडाचे. लाकडी सांगाडा चार सुतारांनी २७ दिवसांच्या कामात उभा केला. या इमारतीतली काही घरे कमी उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी होती. पुढे कॅनडात व्हँकुव्हरच्या विद्यापीठात ४०० वर विद्यार्थ्यांचे १८ मजली वसतिगृह २०१७ मध्ये झाले आणि नॉर्वेत २०१९ मध्ये ८५ मीटर उंचीची लाकडी इमारत उभी राहिली.

हे सांगताना दुसरी बाजू झाकून ठेवणे योग्य नाही. जून २०१७ मध्ये लंडनच्या ग्रेनफेल टॉवरला आग लागून ७२ माणसे गेली. ती इमारत काँक्रीटची होती, आग पसरली ती बाहेरून लावलेल्या ज्वलनशील आवरणामुळे. तरीही त्यानंतर २०१८ च्या अखेरीस इंग्लंडने १८ मीटरहून उंच निवासी इमारतींच्या बाहेरच्या भिंतींत ज्वलनशील पदार्थ वापरायला बंदी केली आणि लाकडी भिंतीही तिच्यात आल्या. यातून आपण घ्यायचा धडा सरळ आहे. उंचीच्या शर्यतीत पडायचे नाही. लाकडी घर बुटके असावे, माणसाला दोन जिन्यांत जमिनीवर येता यावे.

आपल्या सरकारने काय केले

केंद्रीय सार्वजनिक बांधकाम खात्याने १९९३ मध्ये आपल्या बांधकामांत लाकूड वापरण्यास बंदी घातली. जंगले वाचावीत हा हेतू चांगला होता. परिणाम असा झाला की सरकारी इमारतींत दारे-खिडक्या लोखंडाच्या, ॲल्युमिनियमच्या आणि प्लॅस्टिकच्या आल्या आणि लाकडात काम करणारा अभियंता तयार होणेच थांबले. ही बंदी २०२० मध्ये उठली. म्हणजे २७ वर्षे सरकारी अभियंत्यांच्या एका संपूर्ण पिढीने लाकूड हे घर बांधायचे साहित्य आहे, असे मानलेच नाही. बंदी कागदावरून गेली, पण सवयीतून गेलेली नाही.

याचा पुरावा इंदूरमध्येच आहे. १ जानेवारी २०२१ रोजी पंतप्रधानांच्या हस्ते देशात सहा ठिकाणी 'लाइट हाऊस' गृहप्रकल्पांची पायाभरणी झाली. त्यांतला एक आपल्या इंदूरचा, १०२४ घरांचा. प्रत्येक शहराला बांधकामाची एक वेगळी नवी रीत दिली होती. इंदूरच्या वाट्याला आली पोलादी सांगाड्यावर कारखान्यात बनवलेल्या हलक्या सँडविच पाट्या जोडण्याची रीत. चेन्नईला कारखान्यात ओतलेले काँक्रीटचे भाग, राजकोटला टनेल साचा, लखनौला प्लॅस्टिकचा कायम राहणारा साचा, रांचीला तयार काँक्रीटच्या खोल्या, अगरतळ्याला हलके पोलाद. सहा शहरे, सहा रीती, आणि एकीतही इमारतीचा सांगाडा लाकडाचा किंवा बांबूचा नाही. ज्या राज्याचे वनक्षेत्र देशात सर्वांत मोठे, सुमारे ७७ हजार चौरस किलोमीटर, आणि बांबूचे क्षेत्रही ज्याच्याकडे देशात सर्वाधिक, त्या राज्याच्या सर्वांत मोठ्या शहरालाही पोलाद आणि पाट्याच मिळाल्या.

त्या प्रकल्पावर टीका करणे हा आमचा हेतू नाही. उलट त्याने एक महत्त्वाची गोष्ट मान्य करून घेतली. गरिबाचे घर जागेवर ओतण्याऐवजी कारखान्यात घडवून जोडता येते, हे सरकारने स्वतः स्वीकारले. आता उरतो प्रश्न फक्त साहित्याचा.

आणि साहित्याचा प्रश्न लहान नाही. जगात माणसामुळे जो कार्बन वायू हवेत जातो त्यातला सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा आहे. लाकडाचे उलट आहे. झाड वाढताना हवेतला कार्बन घेते आणि लाकूड घरात उभे असेपर्यंत तो त्यातच राहतो. एक घनमीटर लाकडात सुमारे ९०० किलो कार्बन डायऑक्साइड अशा रीतीने अडकून राहतो. अट एकच, तोडलेल्या झाडाच्या जागी दुसरे लावले गेले पाहिजे. स्वच्छतेत देशात वारंवार पहिला येणाऱ्या शहराने हवेच्या स्वच्छतेचाही विचार करावा, ही अपेक्षा जास्त नाही.

इंदूरची स्वतःची शिकवण

या बाबतीत बाहेर फार शोधण्याची गरज नाही. १९१८ मध्ये पॅट्रिक गेडिस या नगररचनाकाराने इंदूर दरबारासाठी शहराचा अहवाल लिहिला. जुनी वस्ती सरसकट पाडून रुंद रस्ते काढण्याला त्याचा विरोध होता. गल्ल्या राखाव्यात, जिथे हवा-उजेड अडतो तेवढेच काढावे, असे त्याचे सांगणे होते. शंभर वर्षांनी त्याच गल्ल्यांवरून यंत्रे फिरली, पण तो अहवाल आजही वाचण्यासारखा आहे.

दुसरी शिकवण अरण्य वसाहतीची. इंदूर विकास प्राधिकरणाने १९८० च्या दशकात ही वसाहत बाळकृष्ण दोशी यांच्याकडून आखून घेतली. दोशींचा जन्म पुण्याचा, कर्मभूमी अहमदाबाद. सुमारे ८५ हेक्टरांत साडेसहा हजार भूखंड, सर्वांत लहान भूखंड ३५ चौरस मीटरांचा. गरीब कुटुंबाला जोते, पाणी, संडास आणि एखादी खोली द्यायची, बाकीचे घर त्याने आपल्या ऐपतीने वाढवायचे, अशी ती योजना. नमुना म्हणून दोशींनी ८० घरे बांधून दाखवली. या कामाला १९९५ मध्ये आगा खान पुरस्कार मिळाला आणि २०१८ मध्ये दोशींना प्रिट्झकर पुरस्कार मिळाला तेव्हा अरण्यचे नाव जगभर पुन्हा घेतले गेले. दोन-तीन मजली बुटक्या घरांतही दाट वस्ती सुखाने राहू शकते, त्यासाठी मनोरे लागत नाहीत, हे इंदूरने तेव्हाच सिद्ध केले.

अरण्यमधले कुटुंब घर वाढवताना विटा, सिमेंट आणि वाळूच आणते. गवंडी येतो, पाणी शिंपावे लागते, आठवडे जातात. त्याऐवजी वाढवायचा भाग म्हणजे तयार मापाचा एक खण असेल तर? खांब, तुळई, जमिनीची पाटी, भिंतीची पाटी, छताची पाटी, सारे ठरलेल्या मापाचे, ठरलेल्या दराचे. दोन दिवसांत जोडले जाईल असे. दोशींची वाढत्या घराची कल्पना आणि आपल्या सुतारांचा खण यांची गाठ घालून देणे, एवढेच काम आता उरले आहे.

जुन्या शहरात तर या रीतीचा आणखी एक फायदा आहे. राजवाड्यामागच्या बोळांत काँक्रीटची गाडी शिरत नाही. वाळू-खडीचा ढीग टाकला की रस्ता बंद. लाकडाचे किंवा बांबूचे भाग हातगाडीवरून नेता येतात. काम कोरडे, म्हणून अर्ध्या वाड्यात बिऱ्हाडे राहत असताना दुसरा अर्धा भाग बांधता येतो. भाडेकरूला दोन वर्षे बाहेर काढावे लागत नाही, आणि एकदा बाहेर गेलेला परत येईल का ही भीतीही राहत नाही. मालक-भाडेकरू वादांतले निम्मे भांडण याच भीतीपोटी असते.

आक्षेप आणि उत्तरे

पहिला आक्षेप आगीचा. तो मनापासून घेतला पाहिजे, कारण राजवाडा स्वतः १९८४ च्या दंगलीत जळाला आणि १८२८ मध्ये शनिवारवाडा जळाला तो कायमचाच. जुना वाडा जळतो त्याची कारणे ठरलेली आहेत. सुकलेल्या पातळ फळ्या, मजल्यामजल्यांतून आग वर खेचणारा उघडा जिना, वर्षानुवर्षे जोडत गेलेल्या विजेच्या तारा. जाड तुळईची गोष्ट वेगळी असते. तिचा वरचा थर जळून कोळसा होतो आणि तो कोळसाच आतल्या लाकडाला उष्णतेपासून जपतो. जळण्याचा वेग साधारण मिनिटाला पाऊण मिलिमीटरच्या आत राहतो. म्हणजे तासाभरात चार-साडेचार सेंटिमीटर. तेवढे लाकूड आधीच जास्तीचे धरले तर माणसांना बाहेर पडायला वेळ मिळतो. याला जोड हवी ती घराघरांमधल्या विटांच्या भिंतीची, जिप्सम पाट्यांच्या अस्तराची, बंद जिन्याची आणि नळीतून नेलेल्या तारांची. यात काटकसर करणाऱ्याला परवानगीच मिळू नये.

दुसरा आक्षेप भूकंपाचा आणि नियमांचा. भूकंपरोधक बांधकामाच्या १९९३ च्या भारतीय मानकात लाकडी बांधकाम साधारण दोन मजल्यांपुरते ठेवावे, असे म्हटले आहे. आमचे म्हणणे असे की मग दोनच मजल्यांनी सुरुवात करा. तळमजला आणि पहिला मजला, अरण्यसारखी ओळीची घरे. पुढच्या मजल्यांचा विचार चाचण्या झाल्यावर. लाकूड हलके आणि लवचिक असल्याने हादरा सोसते, हा अनुभव मात्र जुना आहे. २००५ च्या काश्मीर भूकंपात लाकडी चौकटींत विटा-दगड भरलेली धज्जी-देवारी पद्धतीची घरे बऱ्याच ठिकाणी टिकली, हे अभियंत्यांनी नोंदवले आहे.

तिसरा आक्षेप वाळवीचा. माळव्याच्या काळ्या मातीत ती आहेच. म्हणूनच आपल्या पूर्वजांनी खांब जमिनीत पुरला नाही, तळखड्यावर ठेवला. आज त्याला जोड आहे ती औषध मुरवलेल्या लाकडाची आणि जोत्याखालच्या वाळवीरोधक थराची. पावसाळ्यापूर्वी एकदा घर तपासणे हा खर्च नव्हे, ती सवय आहे.

चौथा आक्षेप जंगलाचा, आणि आमच्या मते सर्वांत वजनदार. सागवानाच्या नावाखाली सातपुड्यातली जंगले उघडी पडावीत, असे आम्हाला मुळीच वाटत नाही. गरिबाच्या घराला सागवान लागतही नाही. शेताच्या बांधावरचा निलगिरी, सुरू, पॉप्लर आणि बांबू यांच्यावर काम भागते. २०१७ च्या दुरुस्तीने वन कायद्यातल्या झाडांच्या व्याख्येतून बांबू काढला गेला आणि शेतातला बांबू तोडण्याचा, नेण्याचा मार्ग शेतकऱ्याला मोकळा झाला. बांबूच्या ताकदीची शंका असणाऱ्यांनी विदर्भात पाहावे. २०२३ मध्ये वणी-वरोरा महामार्गावर २०० मीटर लांबीचा बांबूचा संरक्षक कठडा बसवला गेला. गाड्यांच्या धडकेपासून वाचवणाऱ्या या कठड्याची चाचणी झाली ती आपल्या शेजारच्या पीथमपूरच्या चाचणी मार्गावर. त्याच वेळेस बंगळूर विमानतळाच्या २०२२ मध्ये सुरू झालेल्या दुसऱ्या टर्मिनलचे छत बांबूने नटले आहे. विमानतळाला आणि महामार्गाला जे चालते ते कामगाराच्या घराला का चालू नये?

पाचवा आक्षेप पैशाचा. इथे खोटी आशा दाखवायची नाही. जाड चिकटवलेल्या लाकडी पाट्यांचा मोठा उद्योग आपल्या देशात अजून उभा नाही आणि परदेशातून आणलेला माल गरिबाच्या घराला परवडणारा नाही. पहिली शंभर घरे काँक्रीटपेक्षा महाग पडू शकतात. म्हणून सुरुवात आयात पाट्यांनी करायची नाही. औषध मुरवलेले लागवडीतले लाकूड, दाबून चिकटवलेला बांबू, हलक्या भिंती आणि इथल्याच सुतारशाळेत घडवलेले भाग, यांनी करायची. पैशाची वाटही काही प्रमाणात आहे. सप्टेंबर २०२४ मध्ये सुरू झालेल्या प्रधानमंत्री आवास योजना शहरी २.० मध्ये पाच वर्षांत एक कोटी शहरी कुटुंबांना साहाय्य देण्याचे उद्दिष्ट आहे. वार्षिक तीन लाखांपर्यंत उत्पन्न असलेले कुटुंब त्यात दुर्बल गटात येते. भागीदारीतल्या गृहप्रकल्पाने नवी बांधकाम रीत वापरली तर चौरस मीटरमागे एक हजार रुपयांचे जादा अनुदान ठेवले आहे. ३० चौरस मीटरच्या घराला ते तीस हजार होतात. महागड्या पहिल्या शंभर घरांचा सगळा भार त्याने उचलला जाणार नाही, पण हलका होईल. बाकीचा राज्याने आणि महापालिकेने उचलावा, जसा लाइट हाऊस प्रकल्पांसाठी केंद्राने उचलला.

आमच्या मागण्या

इंदूर महापालिकेची निवडणूक २०२२ मध्ये झाली. परिषदेची मुदत पाच वर्षांची असते. मते मागायला जो येईल, तो कोणत्याही पक्षाचा असो, त्याच्यापुढे समाजाने पुढील मागण्या ठेवाव्यात, असे आम्ही सुचवतो.

एक, आवास योजनेच्या पुढच्या प्रकल्पांपैकी निदान एकात शंभर घरे दुमजली, लाकूड-बांबूच्या सांगाड्याची आणि खणाच्या मापाने वाढवता येणारी असावीत. दोन, या घरांची आग, वाळवी आणि भार यांची चाचणी इंदूरच्याच श्री गोविंदराम सेकसरिया तंत्रविज्ञान संस्थेसारख्या संस्थेकडून करवून निष्कर्ष जाहीर व्हावेत, चांगले असोत वा वाईट. तीन, जुन्या शहरात वाडा उतरवण्यापूर्वी लाकडाची नोंद व्हावी आणि त्याच जागेवर त्याच लाकडात पुन्हा बांधणाऱ्याला परवाना शुल्कात सूट मिळावी. चार, अशा पुनर्बांधणीत जुन्या भाडेकरूची जागा कागदावर आधी पक्की व्हावी आणि मगच पहिली तुळई निघावी. पाच, औद्योगिक प्रशिक्षण संस्थांमधल्या सुतारकामाच्या अभ्यासक्रमात फर्निचरबरोबर घराचा सांगाडा शिकवला जावा. वाडे दुरुस्त करणारे सुतार अजून हयात आहेत, त्यांना तिथे शिकवायला बोलवावे.

यात मराठी समाजासाठी वेगळे काही मागितलेले नाही, हे वाचकांच्या ध्यानात आले असेल. शंभर घरांत कोण राहील हे उत्पन्नाने ठरावे, आडनावाने नव्हे. आपण इथे अडीच-तीनशे वर्षे राहतो ते पाहुणे म्हणून नव्हे. शहराच्या प्रश्नावर शहरवासी म्हणून बोललो तरच आपला शब्द ऐकला जाईल. केवळ आपल्या वास्तू जपा म्हणत बसलो तर वर्षातून एकदा राजवाड्यावर रोषणाई होईल आणि शेजारची गल्ली रिकामी होत राहील.

आता दोन शब्द घरातल्यांसाठी. सरकारकडे बोट दाखवण्याआधी आपल्या हाती जे आहे ते करू. ज्यांच्या मालकीचे वाडे अजून उभे आहेत त्यांनी विकण्याचा निर्णय घेण्यापूर्वी भाऊबंद आणि भाडेकरू यांना एकदा एका चटईवर बसवावे. खांब किती, तुळया किती, कोणत्या सडल्या, कोणत्या धडधाकट, याची यादी करावी. वखारवाला जो भाव देतो त्याच्याशी नव्या लाकडाचा भाव ताडून पाहावा. शंभर वर्षे मुरलेले सागवान आज नव्याने घ्यायला गेलात तर काय पडते ते विचारा, म्हणजे आपण किती स्वस्तात काय देऊन टाकतो ते कळेल. आमच्या मंडळाने अशा याद्या एकत्र ठेवण्याची व्यवस्था करावी आणि समाजातल्या अभियंत्यांनी, वास्तुविशारदांनी महिन्याचा एक रविवार त्यासाठी द्यावा. वाड्यांचे वारस असलेले कितीतरी तरुण आज बांधकाम क्षेत्रातच नोकऱ्या करतात. त्यांचे ज्ञान घरी उपयोगी पडू नये हे बरे नव्हे.

आणि जे कधीच वाड्यात राहिले नाहीत, ज्यांचे आजोबा गिरणीत होते आणि जे आजही भाड्याच्या खोलीत आहेत, त्यांनी हा विषय मालकांचा समजू नये. शंभर घरांची मागणी मुख्यतः त्यांच्यासाठीच आहे. ती जोरात मांडण्याचा पहिला हक्कही त्यांचाच. येत्या वॉर्ड सभांना चार जणांनी जाण्याऐवजी चाळीस जणांनी जावे, मालकाने आणि भाडेकरूने शेजारी शेजारी बसावे आणि एकच प्रश्न विचारावा: शंभर घरे कधी?